खालची कवळी

वरची बसते. टाळूला चिकटून,
भाडं थकलं तरी न हलणाऱ्या भाडेकरूसारखी.
खालचीचं काही खरं नाही.
जीभ हलली की ती उठते,
जांभई यायच्या आधी ती निघालेली असते.

आमच्या नेवाशाकडे कवळी म्हणजे कोवळी.
कवळी भेंडी, कवळी काकडी,
नख लावलं की पाणी येणारी.
या गुलाबी प्लॅस्टिकला ते नाव कुणी दिलं कोण जाणे.
कवळी तर माझी हिरडी आहे, डावीकडची, जिभेच्या बाजूची,
जिथे तांदळाएवढा फोड आलाय.

मिस ओकाफोर बोट फिरवते जबड्यावरून.
तिशीची असेल. हात गरम.
'हाड झिजलंय, मिसेस चक्रनारायण,
धरून बसायला खाली काही उरलं नाही.'
मग म्हणते, साठपासून सत्तरपर्यंत मोजा.
सिक्स्टी-सिक्सला शिट्टी वाजते.
छोट्या मशीनने कुठेसं घासते, पुन्हा मोजायला लावते.
शिट्टी गेली. ती खूश.
मी म्हटलं, थांब, आता माझ्या भाषेत बघू:
चुलीजवळची चाळण.
'च' फुसकन सुटला,
आणि 'ळ'साठी जीभ वर वळली, तर तिथे टाळू नव्हता,
कुणीतरी घातलेलं छप्पर होतं.
पोरीने ऐकून घेतलं. घासायचं कुठे, ते तिला समजेना.
दात हा शब्द म्हणायलासुद्धा दात लागतात,
हे तिला कसं सांगू?

चौतीस वर्षं याच शहरात रात्रपाळी केली.
झोपायच्या आधी ट्रे घेऊन फिरायचे,
प्रत्येक ग्लासवर नावाची पट्टी,
पाण्यात दात, माणसं तोंडावर चादर ओढून.
बेड नऊचे मिस्टर टॅम्स ऑपरेशनच्या सकाळी काढेचनात.
'बायको बाहेर बसलीय, सिस्टर.
एकोणचाळीस वर्षांत तिने मला असं पाहिलेलं नाही.'
मी घड्याळ दाखवलं. हात पुढे केला.
त्यांनी माझ्या तळव्यावर ठेवले, अजून ओले,
आणि भिंतीकडे वळले.
चादर वर ओढायला
मला किती वेळ लागला असता?
आता दार वाजलं की
चष्म्याच्या आधी मी ग्लास शोधते.

शेजारची इनिड बर्स्लेममध्ये कपांच्या कडेला
सोन्याची रेघ ओढायची.
एकविसाव्या वाढदिवसाला वडिलांनी भेट दिली:
सगळे दात उपटून नवीन संच,
म्हणजे होणाऱ्या नवऱ्याला पुढे खर्च नको.
'चांगले होते गं,' ती म्हणते, 'दोन सोडले तर.'
सत्तर वर्षांची विद्या ती मला फुकट देते.
दोन्ही बाजूंनी एकदम चावायचं, नाहीतर उलटी बाजू उठते.
पुढच्या दातांनी सफरचंद तोडायचं नाही, पातळ चिरायचं.
पेपर मोठ्याने वाचायचा, अगदी निधनवार्तासुद्धा.
चहा आधी ओठाला लाव, टाळूला आता कळत नाही.
ते मला घसा भाजल्यावर समजलं होतं.

तिचा ओटकेक म्हणजे आपलं घावनच, जरा जाड.
ती आत चीज घालते, मी ठेचा.
काल मिरचीचं एक बी खाली सरकलं,
बरोबर त्या फोडावर.
डोळ्यांतून पाणी, तोंडातून नेवाशाच्या शिव्या,
एकही धड नाही, प्रत्येकीला शिट्टी.

इनिडने काटा खाली ठेवला.
'तू ती जेवताना घालतेस?' म्हणाली.
'मी तर खालची चौऱ्याहत्तरपासून घातलेलीच नाही.
बटणांच्या डब्यात आहे.'

इतक्या दिवसांची ती विद्या!
मी काढली. बशीत ठेवली,
तिच्याच हातची रेघ असलेल्या.
ओटकेक दुमडला, हिरडीने दाबला.
नरम होता. वेळ लागला, पण गेला.

दार वाजलं.
'पोस्टमन,' इनिड म्हणाली, 'तू जा, तुझे पाय बरे आहेत.'
मी उठले, तशीच.